मुखत्याराचा मुखत्यार

२ एप्रिल १९४२ रोजी हिंदुस्थान सरकारने जाहीर केले की बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीतले शेठ वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सगळे भाग सरकारने विकत घेतले आहेत. कंपनी स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. चौथ्या दिवशी, ६ एप्रिलला, जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे बॉम्ब टाकले. विशाखापट्टणमला वालचंदांच्याच सिंधिया कंपनीची गोदी उभी राहत होती. विमाने बांधायला आणि जहाजे बांधायला निघालेल्या सोलापूरच्या या उद्योजकाला एकाच आठवड्यात दोन धक्के बसले.

हिंदुस्थान एअरक्राफ्टची कहाणी देशातले पहिले विमान कुठे आणि कसे बांधले गेले, या अंगाने पुष्कळदा सांगितली जाते. तिला दुसरेही एक अंग आहे. या कारखान्याचा कारभार पाच वर्षांत हातोहात फिरला. भागधारकांनी तो संचालक मंडळाला दिला, मंडळाने मॅनेजिंग एजंटांना दिला आणि कामाच्या तांत्रिक बाजूची धुरा अमेरिकेतून आलेल्या माणसांनी उचलली. मग सरकार आले, सरकारनंतर अमेरिकन सैन्य आले आणि युद्ध संपल्यावर कारभार पुन्हा सरकारकडे गेला. कंपनीचे नाव आणि जागा या सगळ्यात कायम राहिली. बदलत राहिली ती सही करणारी माणसे. ज्याला अधिकार दिला त्याने तो पुढे दुसऱ्याला द्यावा का, आणि दिलाच तर जाब कोणी द्यायचा, हा कंपनी कायद्यातला जुना प्रश्न या कारखान्याइतका उघडपणे फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो.

कंपनीला स्वतःचे हात नसतात. ती कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. तिच्या वतीने जमीन घ्यायची, कर्ज काढायचे किंवा यंत्रांची मागणी नोंदवायची तर माणूसच लागतो. भागधारक पैसे घालतात आणि संचालक निवडतात. संचालक मंडळ बैठकीत बसून ठराव करते. बँकेत खाते उघडायला गेले की बँकेचा अधिकारी पहिल्यांदा त्या ठरावाची ‘सर्टिफाइड ट्रू कॉपी’ मागतो. अमुक यांना अमुक रकमेपर्यंत सही करण्याचा अधिकार देण्यात येत आहे, एवढ्या एका ओळीवर लाखोंचे व्यवहार उभे असतात. त्या ओळीत नाव असलेला माणूस उद्या रजेवर गेला आणि त्याने हाताखालच्याला सांगितले, ‘माझ्या वतीने तू सही कर’, तर ती सही कंपनीची होते का?

रोमन कायद्याच्या परंपरेतून आलेले एक लॅटिन सूत्र यावर ठाम उत्तर देते: डेलिगेटस नॉन पोटेस्ट डेलिगारे. ज्याला अधिकार सोपवला आहे, त्याने तो पुन्हा सोपवू नये. कारण साधे आहे. मालकाने विश्वास टाकला तो त्या विशिष्ट माणसाच्या अकलेवर आणि सचोटीवर. तो विश्वास वस्तूसारखा उचलून तिसऱ्याच्या हातात देता येत नाही. १८६६ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स बँकिंग कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने हेच धरले. भागवाटप करण्याचा अधिकार संचालकांचा होता. तो खाली सोपवायला कंपनीच्या नियमावलीत आधार नव्हता, म्हणून तसे केलेले वाटप टिकले नाही.

हिंदुस्थानातल्या कायद्याने हे सूत्र घेतले, पण व्यवहाराची वाट मोकळी ठेवून घेतले. १८७२ च्या करार कायद्याच्या १९० व्या कलमाप्रमाणे, जे काम एजंटाने स्वतः करायचे कबूल केले आहे ते त्याने दुसऱ्याकडून करून घेऊ नये. मात्र त्या धंद्याची रीतच उपएजंट नेमण्याची असेल, किंवा काम उपएजंटाशिवाय होण्यासारखे नसेल, तर नेमता येतो. पुढची कलमे जबाबदारी वाटून देतात. रीतसर नेमलेल्या उपएजंटाच्या कृतीने मूळ मालक बांधला जातो, पण त्याच्याबद्दल मालकाला जाब देतो तो एजंट. आणि एजंटाने मालकाच्या परवानगीने एखाद्याचे नाव सुचवून त्याला काम दिले असेल, तर १९४ व्या कलमाप्रमाणे तो उपएजंट राहत नाही. तेवढ्या कामापुरता तो थेट मालकाचा एजंट ठरतो.

मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. मुतालिक हा शब्दच आपल्याकडे पदाधिकाऱ्याच्या वतीने कारभार आणि शिक्का सांभाळणाऱ्यासाठी रुळलेला. १७८४ मध्ये बादशहा शाह आलमने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांना दिले आणि त्यांचे नायब म्हणून महादजी शिंद्यांना नेमले. पद पुण्याच्या नावावर, कारभार दिल्लीत महादजींचा. १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले, फर्मानबाडीचा समारंभ झाला आणि पदाची वस्त्रे सवाई माधवरावांना अर्पण झाली. नायब कोण हे पद देणाऱ्यानेच ठरवले होते, त्यामुळे महादजींचा अधिकार केवळ पुण्याच्या मर्जीवर टांगलेला नव्हता. करार कायद्याच्या १९४ व्या कलमात पुढे जे लिहिले गेले, त्याच जातीची ही व्यवस्था.

एकोणिसाव्या शतकापासून या देशात कारखाने उभे राहिले ते मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीने. भांडवल जनतेकडून गोळा करायचे, कंपनी स्थापन करायची आणि तिचा सगळा कारभार एका पेढीकडे लेखी कराराने सोपवायचा, अशी ही पद्धत. कलकत्त्याची ताग गिरणी असो, मुंबईची कापड गिरणी असो की जमशेदपूरचा पोलाद कारखाना, संचालक मंडळ वर असे आणि रोजचा कारभार मॅनेजिंग एजंट पाही. पद्धतीचा फायदा खरा होता. अनुभवी माणसे मोजकी होती, बँका कर्ज द्यायला कचरत आणि भागधारक पेढीचे नाव पाहूनच पैसे घालत. तोटाही तितकाच खरा होता. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे करार होते. संचालक बहुधा एजंटांच्याच घरातले किंवा मर्जीतले असत. आणि काही वेळा एजंट आपली एजन्सी तिसऱ्याला विकून मोकळा होई. सकाळी उठून भागधारकाला कळावे की आपली गिरणी आता वेगळ्याच माणसाच्या हाती आहे.

१९३६ च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीने यावर घाव घातला. सरकारचे विधिसदस्य (लॉ मेंबर) सर नृपेंद्रनाथ सरकार यांनी ती केंद्रीय विधिमंडळातून पार नेली. मॅनेजिंग एजंटाची मुदत २० वर्षांवर आली. एजंटाने आपले पद दुसऱ्याला दिले तर भागधारकांच्या सर्वसाधारण सभेच्या मंजुरीवाचून ते रद्द ठरेल, असे कलम आले. कर्जरोखे काढण्याचा अधिकार एजंटाला वापरता येईना, आणि कंपनीचा पैसा गुंतवायचा तर संचालकांची संमती आणि त्यांनी घातलेली मर्यादा हवी, असे ठरले. कंपनीने हे अधिकार एजंटाला देऊन टाकले तरी ते देणेच रद्दबातल. कोणता अधिकार खाली जाईल आणि कोणता मंडळाच्या टेबलावरच राहील, याची रेघ कायद्याने इथे प्रथम ठळक ओढली.

ही दुरुस्ती ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. म्हैसूर हे संस्थान. तिथे संस्थानचा स्वतःचा कंपनी कायदा चाले. पण उद्योगपती तेच, वकील तेच आणि कराराची भाषाही तीच.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरला झाला. गुजराती जैन घराणे, पण महाराष्ट्राच्या मातीत पुरते मुरलेले. रेल्वेच्या कंत्राटांपासून त्यांनी सुरुवात केली. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली तेव्हा परदेशी जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला त्यांनी उघड आव्हान दिले होते. पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, रावळगाव, वालचंदनगर. परक्या सत्तेखाली राहूनही अवजड उद्योग आपल्या हाताने उभे करायचे, ही त्यांची जिद्द होती.

१९३९ मध्ये एका विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम डग्लस पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. न्यूयॉर्कच्या इंटरकॉन्टिनेंट कॉर्पोरेशनचे ते अध्यक्ष. चीनच्या राष्ट्रीय सरकारबरोबर भागीदारीत ते विमानांचा कारखाना चालवत. जपानी सैन्य पुढे सरकत गेले तसा तो कारखाना मागे हटत ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ लोइविंगला आला. ऑक्टोबर १९४० मध्ये जपान्यांनी लोइविंगवरही बॉम्ब टाकले. यंत्रे, कारागीर आणि अनुभव हाताशी असलेल्या माणसाला सुरक्षित जागा हवी होती. कारखाना काढायला निघालेल्या वालचंदांना नेमके ते यंत्र आणि तो अनुभव हवा होता.

सरकारला प्रथम या बेताचा उत्साह नव्हता. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडले आणि चित्र पालटले. इंग्लंडहून विमाने येण्याची आशा ठेवण्यात अर्थ उरला नाही. पूर्वेकडे जपानची छाया लांबत होती. हिंदुस्थानात विमाने दुरुस्त व्हावीत आणि जमल्यास बांधली जावीत, ही युद्धाची गरज झाली.

बंगळूर निवडले गेले ते म्हैसूर दरबारामुळे. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी उद्योगांसाठी संस्थानची तिजोरी आणि जमीन दोन्ही खुली ठेवली होती. शिवनसमुद्रची वीज १९०२ पासून वाहत होती, १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते विजेने उजळले होते. टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था शहरातच होती. हवा थंड आणि शहर समुद्रापासून दूर, तेव्हा शत्रूच्या विमानांपासूनही बऱ्यापैकी आडोसा. ऑगस्ट १९४० मध्ये महाराज कृष्णराज वडेयार वारले आणि एकवीस वर्षांचे जयचामराज वडेयार गादीवर आले, पण दरबाराचे धोरण ढळले नाही.

२३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानात हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेडची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये, भरणा झालेले ४० लाख. पहिले कार्यालय डोमलूर रस्त्यावरच्या ‘इव्हनटाइड’ नावाच्या बंगल्यात थाटले गेले. मॅनेजिंग एजंट म्हणून वालचंद, तुळशीदास किलाचंद आणि धरमसी खटाव यांच्या नावांची पेढी नेमली गेली: वालचंद तुळशीदास खटाव लिमिटेड. कारखान्याची मांडणी आणि यंत्रसामग्री पॉली यांच्या मंडळींनी केली. मंडळावर म्हैसूरचे दोन संचालक बसले.

इथे अधिकाराची उतरंड पहिल्यांदा दिसते. वर भागधारक: मुंबईचे उद्योजक आणि म्हैसूर दरबार. त्यांच्या खाली संचालक मंडळ, मंडळाच्या कराराने नेमलेले मॅनेजिंग एजंट आणि शॉप फ्लोअरवर पॉलींनी अमेरिकेहून आणलेले तंत्रज्ञ. विमानाच्या पंखाचा पत्रा कुठल्या जाडीचा असावा, याचा निर्णय ना दरबार घेणार ना मुंबईची पेढी. तो तंत्रज्ञच घेणार. करार कायद्याच्या १९० व्या कलमातला अपवाद अशाच कामांसाठी आहे. कामाचे स्वरूपच जाणकाराच्या हाती सोपवण्याचे असेल, तर सोपवणे हा अधिकाराचा गैरवापर ठरत नाही.

१९४१ च्या सुरुवातीच्या महिन्यांत हिंदुस्थान सरकारने २५ लाख रुपये घालून कंपनीत एक तृतीयांश वाटा घेतला. निवृत्त एअर मार्शल सर जॉन हिगिन्स हे रेसिडेंट डायरेक्टर म्हणून बंगळूरला होते. आता टेबलाभोवती तीन पक्ष बसले: वालचंद गट, म्हैसूर दरबार आणि दिल्ली. सरकार इथे भागीदार होते आणि मोठे गिऱ्हाईकही होते. ज्याच्या मागणीवर कारखाना चालतो तोच मंडळावर बसला, की मॅनेजिंग एजंटाच्या सहीचे वजन हळूहळू उतरते.

काम मात्र वेगाने झाले. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे स्थापनेपासून आठ महिन्यांत, बंगळूरच्या हवेत पहिले हार्लो पीसी-५ उडाले. धातूच्या बांध्याचे, एकामागे एक अशा दोन आसनांचे हे शिकाऊ विमान. त्याचे भाग अमेरिकेहून आलेले, पण जोडणारे हात इथल्या माणसांचे. त्याच सुमारास गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचे डॉ. विष्णू माधव घाटगे कंपनीत काम करत होते. जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. विमानशास्त्राच्या त्या आद्य गुरूंकडून ती मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी दहा आसनांचा ग्लायडर आखला आणि तो बंगळूरलाच बांधला गेला. जोडणीचे ज्ञान उसने होते, आखणीची बुद्धी आपली होती, आणि ती त्याच छपराखाली वाढत होती. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. कलकत्ता आणि मद्रास आता आघाडीजवळची शहरे झाली. बंगळूरचा कारखाना दिल्लीला पूर्ण ताब्यात हवा झाला. कुठले विमान आधी घ्यायचे, कुठले थांबवायचे, कोणाला आत सोडायचे, हे निर्णय मुंबईच्या पेढीच्या सल्ल्याने आणि नफ्या-तोट्याच्या हिशेबाने व्हावेत, हे लष्कराला परवडणारे नव्हते. सरकारला मोकळेपणाने कारभार करता यावा म्हणून खाजगी भाग विकत घेतल्याचे २ एप्रिलच्या घोषणेत सांगितले गेले. त्याबरोबर मॅनेजिंग एजन्सीही संपली.

या व्यवहारात म्हैसूर दरबाराची भूमिका सर्वांत बारकाईने पाहण्यासारखी आहे. दरबाराने आपले भाग विकायला नकार दिला. कारभारावरचा हक्क मात्र सरकारला सोडून दिला. मालकी आणि कारभार या दोन गोष्टी एकमेकींपासून किती स्वच्छ वेगळ्या करता येतात, हे दरबाराने दाखवून दिले. जमीन विकणे वेगळे आणि जमीन कसायला देणे वेगळे, हे ज्या कुळाला किंवा जमीनमालकाला ठाऊक आहे, त्याला यातले सगळे मर्म लगेच उमगेल. कसायला दिलेली जमीन त्या काळी परत मागता येई. दरबाराने ते दार उघडे ठेवले.

१९४३ मध्ये साखळीला आणखी एक कडी जडली. सरकारने कारखान्याचे काम अमेरिकन हवाई दलाच्या हाती दिले आणि तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा एअर डेपो झाला. कंपनीची व्यवस्था तशीच राहिली, हुकूम मात्र अमेरिकन अधिकाऱ्यांचे. भागधारक म्हैसूर आणि दिल्ली, कारभार दिल्लीच्या हाती, दिल्लीच्या वतीने अमेरिकन सैन्य. वालचंदांच्या पेढीपाशी होता त्याहूनही हा अधिकार एक पायरी खाली उतरला होता.

आणि तरीही ही साखळी तुटली नाही, याचे श्रेय युद्धाच्या घाईला जितके, तितकेच प्रत्येक सांध्यावरच्या संमतीला जाते. ज्याच्या हातून अधिकार सुटत होता, त्याला तो कोणाकडे जातो हे माहीत होते. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरची विमाने दुरुस्तीला बंगळूरला येऊ लागली. कॅटलिना ही समुद्रावर उतरणारी अवाढव्य विमाने धावपट्टीऐवजी बेळ्ळंदूर तलावावर उतरत आणि तिथून कारखान्यात आणली जात. पुढे फेसाळलेल्या पाण्यासाठी बातम्यांत गाजलेला हाच तो तलाव. हॉक या लढाऊ विमानांची बांधणी मोजक्या विमानांवर थांबली, कारण दुरुस्तीच्या कामाने सगळी जागा आणि माणसे व्यापली. युद्ध संपताना पूर्वेकडच्या सर्वांत मोठ्या दुरुस्ती केंद्रांत बंगळूरची गणना होत होती.

डिसेंबर १९४५ मध्ये कंपनी केंद्राच्या उद्योग आणि पुरवठा खात्याकडे आली. विमानांची कामे आटली तेव्हा तिने रेल्वेचे डबे बांधून माणसांना काम दिले. जानेवारी १९५१ मध्ये ती संरक्षण मंत्रालयाकडे गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घाटग्यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान बंगळूरच्या आकाशात झेपावले. संपूर्ण आखणी आणि बांधणी देशातली. वालचंद तोवर आजारपणामुळे कामातून निवृत्त झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. १ ऑक्टोबर १९६४ ला हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि एरोनॉटिक्स इंडिया या कंपन्या एकत्र होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे आजची एचएएल, जन्माला आली.

या सगळ्याचा ताळेबंद मांडताना तीन खाती वेगळी ठेवायला हवीत. वालचंदांचे नुकसान निखालस होते. स्वप्न त्यांचे, धोका त्यांनी पत्करलेला, आणि यशाच्या उंबरठ्यावर कारखाना हातातून गेला. त्यांचे हे ऋण देशाने पुरेसे फेडले, असे म्हणता येत नाही. कारखान्याचा मात्र युद्धकाळात फायदाच झाला. अमेरिकन यंत्रे आणि कामाची शिस्त त्याच्या पदरात पडली आणि शेकडो हात तयार झाले. तिसरे खाते कायद्याचे. मॅनेजिंग एजंटाच्या हाती सगळे सोपवून मंडळाने निवांत बसावे, ही पद्धत या देशाला झेपणारी नाही, हे पुढच्या दोन दशकांत सर्वांनाच पटत गेले.

१९५६ च्या कंपनी कायद्याने २९२ व्या कलमात मंडळाचे काही अधिकार बैठकीतच वापरायचे असे बजावले. भागांच्या हप्त्यांची मागणी आणि कर्जरोखे काढणे यांचे अधिकार खाली सोपवायला मनाई झाली. कर्ज घेणे, पैसा गुंतवणे आणि कर्ज देणे हे सोपवता येत, पण ठरावात रकमेची मर्यादा घालून. कर्ज द्यायचे तर ते कशासाठी आणि एका वेळी जास्तीत जास्त किती, हेही लिहावे लागे. ३ एप्रिल १९७० पासून मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच बंद झाली. बंगळूरची एजन्सी संपल्याला त्या आठवड्यात २८ वर्षे होत होती.

२०१३ च्या कायद्याचे १७९ वे कलम हाच धागा पुढे नेते. भाग परत विकत घेणे, रोखे काढणे, हिशेब मंजूर करणे, नवा धंदा सुरू करणे, विलीनीकरण करणे हे मंडळानेच बैठकीत ठरवायचे. कर्ज, गुंतवणूक आणि कर्ज देणे हे अधिकार संचालकांची समिती, व्यवस्थापकीय संचालक, व्यवस्थापक किंवा प्रमुख अधिकारी यांना ठरावाने देता येतात. शाखा असेल तर शाखेच्या प्रमुखालाही. अधिकार स्वीकारलेल्याने तो आणखी खाली द्यायचा, तर मूळ ठरावात किंवा नियमावलीत तशी मुभा लिहिलेली हवी. ती नसेल तर जुने लॅटिन सूत्र आजही आडवे येते. बेंगळुरूच्या कंपन्यांत यासाठी ‘डीओपी’ हा शब्द रोजचा आहे: डेलिगेशन ऑफ पॉवर्स, अधिकारांचा तक्ता. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने किती रकमेपर्यंत सही करायची, हे त्यात रकान्या-रकान्याने लिहिलेले असते. खरेदीची फाइल अडली की पहिला प्रश्न येतो तो ‘डीओपीत बसते का?’

सरकारी कंपन्यांत ही साखळी संचालक मंडळाच्याही वरून सुरू होते. एचएएलला २००७ मध्ये नवरत्न आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये महारत्न दर्जा मिळाला. महारत्न म्हणजे सरकारने आपलेच काही अधिकार मंडळाला सोपवणे. एखाद्या संयुक्त उपक्रमात ठरावीक मर्यादेत, ५,००० कोटी रुपयांपर्यंत, भाग घ्यायला मंडळाला मंत्रालयाच्या परवानगीसाठी थांबावे लागत नाही. मंडळाखालच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बदल्यांचे अधिकार तर मंडळाने आपल्या उपसमित्यांना किंवा अधिकाऱ्यांना पुढे द्यावेत, अशी मुभा सरकारच्या निर्देशांतच नोंदवलेली आहे. पुढे सोपवण्याची परवानगी मूळ देणाऱ्याने आधीच लिहून ठेवायची, ही महादजींच्या नायबीपासून चालत आलेली वाट.

एचएएलचे मुख्यालय बेंगळुरूच्या कब्बन रोडवर आहे, आणि तिचे एक मोठे विमान केंद्र नाशिकजवळ ओझरला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क १ए विमान तिथूनच उडाले. त्या विमानाच्या सुट्या भागांच्या मागणीपत्रांवर ओझरच्या अधिकाऱ्यांच्या सह्या असतात. त्या सह्यांचा अधिकार बेंगळुरूच्या मंडळाच्या ठरावातून येतो आणि मंडळाचा दिल्लीच्या आदेशातून. १९४० मध्ये डोमलूर रस्त्यावरच्या एका बंगल्यातून सुरू झालेला कागद अजून हातोहात पुढे जात आहे.